प्रकल्प नोंदी : एक होऊ घातलेली महाकाय कृष्णविवरं आणि क्ष-किरणांतल्या त्यांच्या खुणा

९ जून २०२५

विषय पक्का झाला. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतात, कोट्यवधी वर्षांत एकजीव होतात आणि त्यांच्या पोटातली महाकाय कृष्णविवरं हळूहळू जवळ येत शेवटी एक होतात. या वाटेवर कुठल्या टप्प्याला क्ष-किरणांत काय दिसतं, ते संग्रहातल्या निरीक्षणांवरून स्वतः करून बघायचं. चंद्रा, स्विफ्ट, एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणींचा जुना डेटा कुणालाही घरबसल्या उतरवून घेता येतो. आपल्याकडच्या महाविद्यालयांत त्याचा उपयोग फार कमी होतो, याची मला नेहमी हळहळ वाटते.

कामाची वाटणी: प्रतिमा आणि वर्णपट माझ्याकडे. प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो, ते आलेख एमएस्सीच्या विद्यार्थिनीकडे. तिचा हात प्रोग्रामिंगवर चांगला बसलेला आहे.

क्ष-किरणच का, हे आधी लिहून ठेवते. टकरीत वायू आणि धूळ केंद्राकडे रेटली जाते. कृष्णविवराला खाद्य मिळतं, पण त्याच धुळीआड ते झाकलंही जातं. क्लाउडिओ रिची आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की टकरीच्या शेवटच्या टप्प्यातली सक्रिय केंद्रं, म्हणजे वायू गिळत उजळलेली महाकाय कृष्णविवरं, फार दाट आवरणात असतात. दृश्य प्रकाशाला तिथून वाटच नसते. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण मात्र बऱ्याच अंशी पार होतात, आणि ते निघतात कृष्णविवराच्या अगदी लगतच्या भागातून.

१४ जून २०२५

पहिलं लक्ष्य एनजीसी ६२४०. भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे ३५ कोटी प्रकाशवर्षांवर. २००१ साली चंद्राने ही विस्कटलेली दीर्घिका पाहिली आणि स्टेफनी कोमोसा यांच्या गटाने तिच्यात एक सोडून दोन सक्रिय केंद्रं असल्याचं सिद्ध केलं. एकाच दीर्घिकेत क्ष-किरणांनी ओळखलेली अशी ही पहिली जोडी. तो डेटा आणि २०११ चं बरंच लांब निरीक्षण, दोन्ही उतरवून घेतली. चंद्राच्या डेटासाठीच्या चाओ या पॅकेजमधून ताज्या कॅलिब्रेशनसह पुन्हा प्रक्रिया करायला लावली आहेत.

विद्यार्थिनीने पहिल्यांदाच इव्हेंट फाइल उघडली आणि म्हणाली, "मॅडम, यात चित्र कुठाय?" चित्र नसतंच. ती एक लांबलचक यादी असते, दर ओळीला एक फोटॉन: कुठल्या क्षणी आला, डिटेक्टरच्या कुठल्या घरात (पिक्सेलमध्ये) पडला, ऊर्जा किती होती. चंद्राचा कॅमेरा साधारण दर ३.२ सेकंदांनी वाचला जातो, त्यामुळे वेळही तेवढ्याच बारकाईने कळते. चित्र, वर्णपट, आलेख हे सगळं या एकाच यादीतून आपण घडवायचं. मला क्ष-किरण खगोलशास्त्राची गोडी लागली ती या यादीमुळे. एकेक फोटॉन मोजावा इतका तो मोलाचा असतो.

२१ जून २०२५

आजचा दिवस सार्थकी लागला.

आधी ०.५ ते २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) या कमी ऊर्जेच्या पट्ट्यात प्रतिमा काढली. सगळीकडे पसरलेला, फाटक्या कडांचा उजेड दिसतो. टकरीने आणि नव्या ताऱ्यांच्या स्फोटांनी तापलेला वायू आहे तो. याच दीर्घिकेभोवती सुमारे ३ लाख प्रकाशवर्षं पसरलेला, ७० लाख अंशांहून तप्त असा वायूचा मेघ असल्याचं २०१३ साली जाहीर झालं होतं, त्याचा आतला भाग आपल्याला दिसतोय. केंद्रं त्या गर्दीत ओळखूच येत नाहीत.

मग गाळणी बदलली. लोखंडाच्या अणूंची ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा या दीर्घिकेच्या ०.०२४५ ताम्रसृतीमुळे (दीर्घिका दूर जात असल्याने ऊर्जा कमी भासते) ६.२५ च्या आसपास यायला हवी. तेवढाच अरुंद पट्टा ठेवला. पसरलेला उजेड जवळजवळ गेला आणि दोन ठिपके उरले, दक्षिणेकडचा ठळक, उत्तरेकडचा त्याहून मंद. दोहोंत अंतर सुमारे दीड कोनीय सेकंद (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे चंद्राच्या कॅमेऱ्याची जेमतेम तीन घरं. प्रत्यक्षात अडीच-तीन हजार प्रकाशवर्षं. चंद्राची दृष्टी अर्ध्या कोनीय सेकंदाची आहे म्हणून हे जमलं. आजवरच्या दुसऱ्या कुठल्याही क्ष-किरण दुर्बिणीला इथे एकच गोळा दिसला असता.

तीन घरांवर भिस्त ठेवायची म्हणजे फोटॉनची जागा घरापेक्षाही बारीक ठरवावी लागते. तो अल्गोरिदम चालू ठेवला होता. तो बंद करून पाहिलं तर दोन ठिपके एकमेकांत मिसळू लागतात. पुढे कुणी हे करून पाहणार असेल तर ही पायरी गाळू नये.

२९ जून २०२५

दोन्ही केंद्रांचे वर्णपट वेगळे काढले. वर्तुळं इतकी जवळ की एकाचे फोटॉन दुसऱ्यात सांडतातच, तेव्हा त्रिज्या लहान ठेवली आणि सांडण्याचा अंदाज सिम्युलेशनवरून घेतला.

दोन्हीकडे ६.२५ ला रेषा स्वच्छ उभी आहे. तिचा अर्थ नीट लिहून ठेवायला हवा, कारण सगळा पुरावा हिच्यावर उभा आहे. कृष्णविवराजवळून निघालेले क्ष-किरण भोवतालच्या दाट, थंड वायूवर आदळतात. लोखंडाच्या अणूच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडतो, वरचा त्या जागी उतरतो आणि ठराविक ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. पलीकडे झाकलेलं इंजिन चालू असल्याशिवाय दाट, थंड वायूतून इतकी ठळक रेषा निघत नाही. थेट प्रकाश अडला, तरी परावर्तनाने इंजिनाचा पत्ता लागतो.

६.५४ च्या जवळ आणखी एक उंचवटा आहे. तो ६.७ ची रेषा, म्हणजे जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. तिथला पट्टा घेऊन प्रतिमा काढली तर उजेड दोन केंद्रांपुरता राहत नाही, आजूबाजूला पसरतो. कोट्यवधी अंशांच्या, धक्का-लहरींनी तापलेल्या वायूची ती खूण. केंद्रांची रेषा वेगळी आणि टकरीची वेगळी, आणि दोन्ही एकाच वर्णपटात शेजारी शेजारी. सहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी चंद्राला साधारण दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक कळतो, म्हणून या दोन रेषा सुट्या करता आल्या.

आवरण किती जाड, हे चंद्राच्या पट्ट्यातून ठरत नाही. त्यासाठी न्यूस्टार या जास्त ऊर्जेच्या क्ष-किरण दुर्बिणीचं ३ ते ७९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं निरीक्षण लागतं. ते २०१६ साली प्रसिद्ध झालं आहे: दोन्ही केंद्रं कमालीच्या दाट आवरणाआड. आमचा निकाल त्याच्याशी जुळतो.

६ जुलै २०२५

अ‍ॅस्ट्रोसॅट वापरता येईल का, असं विद्यार्थिनीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेला आपला उपग्रह, क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली. पण तिच्या प्रतिमेत एक बिंदू कोनीय मिनिटांएवढा पसरतो. जोडी सुटी करायला ती नाही. एकाच स्रोताची तेजस्विता वेळेनुसार कशी बदलते हे पाहायला आहे. दुसऱ्या भागासाठी लक्षात ठेवलं.

१९ जुलै २०२५

प्रतिमेच्या वाटेने आणखी किती पुढे जाता येतं ते तपासलं. मार्केरियन ७३९ या दीर्घिकेत दोन केंद्रं एकमेकांपासून सुमारे ११ हजार प्रकाशवर्षांवर. एनजीसी ६२४० मधली त्याहून बरीच जवळ. २०२४ साली एमसीजी-०३-३४-६४ या दीर्घिकेत हबल आणि चंद्रा मिळून सुमारे ३०० प्रकाशवर्षांवरची जोडी मिळाल्याचं जाहीर झालं. इतक्या दूरच्या दीर्घिकेत हे दिसणं ही कमाल आहे. त्यापुढे चंद्राची दृष्टी थकते. एनजीसी ६२४० च्या अंतरावर एक पार्सेकची (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांची) फट पाहायची तर तिच्याहून अडीचशे पट तीक्ष्ण नजर हवी. ती ताकद फक्त खंडभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यात आहे. त्यांनी ०४०२+३७९ या दीर्घिकेत सुमारे ७ पार्सेकवरची जोडी दाखवली आहे.

म्हणजे खरी गंमत जिथे सुरू होते, दोन विवरं एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणात बांधली जातात, तिथे क्ष-किरण दुर्बिणीला एकच बिंदू दिसणार. मग त्या बिंदूच्या वर्णपटात आणि चढउतारात दोघांची खूण शोधायची.

सिद्धांत काय सांगतो, थोडक्यात. दोघांभोवती वायूची एक मोठी तबकडी फिरते. फिरणारी विवरं तिच्या मध्यभागी पोकळी करतात, तिची त्रिज्या दोघांतल्या अंतराच्या साधारण दुप्पट. पोकळीच्या काठावरून वायूच्या धारा आत सुटतात आणि प्रत्येक विवराभोवतीच्या छोट्या तबकडीवर आपटतात. त्या आपटण्यातून अतिशय जास्त ऊर्जेचे क्ष-किरण निघायला हवेत, शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातले. मोठी तबकडी थंड, छोट्या गरम आणि मधली जागा रिकामी, म्हणून वर्णपटात मधे एक खाच पडावी. रोडिग, क्रोलिक आणि मिलर यांनी २०१४ साली हे मांडलं. शिवाय दोन छोट्या तबकड्या म्हणजे लोखंडाच्या दोन रेषा, एक जवळ येणारी आणि एक दूर जाणारी, कक्षेच्या तालावर जागा बदलणाऱ्या.

ही शेवटची खूण मला सर्वांत विश्वासाची वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या एक्सरिझम उपग्रहाला या ऊर्जेपाशी पाच इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा फरक कळतो. त्याच्या उपकरणावरची झडप अजून उघडलेली नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण आत येत नाहीत, पण लोखंडाच्या रेषेला त्याची अडचण नाही.

२ ऑगस्ट २०२५

दुसरा भाग सुरू: एसडीएसएस जे१४३०+२३०३ हे सक्रिय केंद्र. अभ्यासक या स्रोताला 'टिक-टॉक' म्हणतात.

जानेवारी २०२२ मध्ये चीनमधल्या निंग जियांग यांच्या गटाने सांगितलं की या केंद्राच्या दृश्य प्रकाशात आवर्तनं दिसतात आणि तीन वर्षांत त्यांचा काळ वर्षावरून महिन्यावर आला आहे. अर्थ लावला तर दोन विवरं तीन वर्षांच्या आत एक होणार. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. स्विफ्ट, अवकाश स्थानकावरची क्ष-किरण दुर्बीण नायसर, एक्सएमएम-न्यूटन, चंद्रा सगळ्यांनी पाहिलं. क्ष-किरणांत स्रोत भरपूर बदलतो, नायसरला जास्त ऊर्जेच्या विचित्र उसळ्याही मिळाल्या, पण भाकितातला आवळत जाणारा ताल कुणालाच सापडला नाही. २०२३ सालच्या नव्या दृश्य निरीक्षणांतही आवर्तनं टिकली नाहीत. आज तीन वर्षं उलटून गेली आहेत.

हा दावा मांडणं चुकीचं होतं असं मला मुळीच वाटत नाही. भाकीत तारखेसह केलं, डेटा उघडा ठेवला, म्हणूनच इतरांना ते तपासता आलं. आम्हाला तपासायचंय ते वेगळं: असा ताल नसताना तो दिसतो कसा?

१० ऑगस्ट २०२५

आजचं काम जवळजवळ सगळं विद्यार्थिनीचं. सक्रिय केंद्रांचा प्रकाश यादृच्छिकपणे बदलतो, पण त्याला स्मृती असते. लांब पल्ल्याचे चढउतार मोठे, छोट्या पल्ल्याचे लहान. याला लाल गोंगाट म्हणतात. टिमर आणि कोनिग यांची १९९५ ची पद्धत वापरून तिने कुठलंही आवर्तन नसलेले शेकडो कृत्रिम आलेख तयार केले. त्यांवर खऱ्या निरीक्षणांसारख्या तारखा लादल्या, मधल्या सुट्ट्या ठेवल्या, मोजणीतली त्रुटी घातली, आणि मग लॉम्ब-स्कार्गल पद्धतीने आवर्तन शोधायला लावलं.

आलेख पडद्यावर एकामागून एक सरकत होते. मधूनच एक असा यायचा की वर-खाली, वर-खाली, सुंदर लाट, हाताने आखल्यासारखी. "हा तर पक्का जोडीचा दिसतोय," ती म्हणायची. तोच आलेख आम्ही पुढे वाढवला की तिसऱ्या-चौथ्या लाटेला ताल मोडायचा. दोन-तीन आवर्तनांचा तुकडा पाहिला तर लाल गोंगाट हमखास फसवतो. सायमन वॉन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हेच दाखवलं होतं, तेही पीजी १३०२-१०२ या क्वेसारच्या, म्हणजे अतितेजस्वी सक्रिय केंद्राच्या, निमित्ताने. त्याचा पाच वर्षांहून थोडा जास्त असलेला आवर्तनकाल २०१५ साली गाजला होता आणि हाती जेमतेम दोनेक आवर्तनंच होती.

तेव्हा आमच्यापुरता नियम: पाच पूर्ण आवर्तनं दिसल्याशिवाय उमेदवाराला जोडी म्हणायचं नाही, आणि दृश्य प्रकाशातला ताल क्ष-किरणांत नसेल तर मुळीच नाही. छोट्या तबकड्या तापलेल्या असतात, ताल खरा असेल तर तिथे तो उमटायला हवा.

२४ ऑगस्ट २०२५

शेवटच्या वर्षाचं गणित हाताने मांडलं. दोघांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या १० लाख पट, निम्मं-निम्मं, कक्षा वर्तुळाकार. अंतर पृथ्वी-सूर्याएवढं घेतलं तर केप्लरचा नियम सरळ उत्तर देतो: वस्तुमान १० लाख पट, म्हणून काळ हजार पटींनी कमी. एक वर्ष भागिले हजार, पावणेनऊ तासांत एक फेरी. त्या अंतरावर गुरुत्वीय लहरींमुळे (एकमेकांभोवती फिरणारी विवरं अवकाशात उठवतात त्या लहरी, त्या कक्षेची ऊर्जा घेऊन जातात) कक्षा आटत जाऊन एक व्हायला उरतं सुमारे सव्वा वर्ष. अंतर निम्मं झालं की फेरी तीन तासांची आणि उरलेला वेळ एकोणतीस दिवस. पाचव्या हिश्शावर फेरी पाऊण तासाची, शिल्लक अठरा तास. दहाव्या हिश्शावर सतरा मिनिटांची फेरी आणि हाती तासाहून थोडं जास्त. शेवटी शेवटी हे न्यूटनी गणित पुरेसं नाही, पण वेगाचा अंदाज येतो. वस्तुमान शंभर पट वाढवलं तर लहरींमुळे लागणारा वेळही त्याच प्रमाणात वाढतो, अंतरही त्याच पटीत मोजलं तर.

आता यात वायू घाला. मोठी तबकडी आत सरकते चिकटपणाच्या जोरावर, सावकाश. विवरं जवळ येतात गुरुत्वीय लहरींमुळे, वेग धरत; उरलेला वेळ अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. एका टप्प्याला वायू मागे पडतो. छोट्या तबकड्यांना वरून पुरवठा थांबतो, आणि विवरं जवळ येतील तशी त्यांना पसरायला जागाही उरत नाही. ल्यूक क्राउथ, झोल्टन हाईमन आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली हे सिम्युलेशनमध्ये पाहिलं: उष्णतेमुळे निघणारे क्ष-किरण विलीनीकरणाच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत जोरात असतात, मग कित्येक पटींनी कोसळतात आणि स्रोत क्ष-किरणांत काही दिवस काळोखात राहतो.

या निकालाने मी फार प्रभावित झाले. आम्ही महिनाभर ताल शोधत होतो, लाल गोंगाटाशी झगडत होतो. इथे तालाची गरजच नाही. वर्षानुवर्षं टेहळणीही नको. कधी पाहायचं ते ठाऊक असलं की पुरे. अर्थात सिम्युलेशन द्विमितीय आहे, चुंबकीय क्षेत्र त्यात नाही. त्रिमितीय गणितं काय म्हणतात याकडे लक्ष ठेवायला हवं.

७ सप्टेंबर २०२५

कधी पाहायचं ते कोण सांगणार? लिसा, गुरुत्वीय लहरी टिपणारी अवकाश वेधशाळा. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये तिला अंतिम मान्यता दिली. २५ लाख किलोमीटर बाजूच्या त्रिकोणात उडणारी तीन यानं, उड्डाणाचं नियोजन २०३५ चं. १० लाख सूर्यांच्या वर्गातल्या जोड्या हे तिचं खास क्षेत्र. इशारा आधी मिळेल, पण आकाशातली जागा ढोबळ असेल, आणि तेवढ्या पट्ट्यात सक्रिय केंद्रं पुष्कळ. न्यूअथेना या पुढच्या क्ष-किरण वेधशाळेचा रुंद कॅमेरा एका वेळी आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या सुमारे दुप्पट क्षेत्र पाहील. तिचं उड्डाण २०३७ च्या सुमाराचं. दोघी एकाच काळात आकाशात असाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दल विद्यार्थिनीला सांगितलं. नारायणगावपासून जवळ आहे, पण आमच्या गप्पांत तिला ते वेगळंच खातं वाटत होतं. जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी स्पंदकांच्या (ठराविक तालाने रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) ठोक्यांतून गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा मांडला, त्यात युरोपीय गटाबरोबर भारतीय गट होता आणि त्याचा डेटा खोडदचा. त्या लहरी अब्जावधी सूर्यांएवढ्या जोड्यांच्या असाव्यात, असा सध्याचा सर्वांत सरळ अर्थ. त्या जोड्या वर्षानुवर्षांची एकेक फेरी घेतात. लिसा ऐकणार त्याहून फार हलक्या जोड्या, पण मूळ प्रश्न एकच: शेवटचा पार्सेक ओलांडून विवरं खरंच एक होतात का? खोडदच्या निकालाने निदान होकाराकडे बोट दाखवलं आहे.

२० सप्टेंबर २०२५

मावळण्याची खूण घ्यायची, तर इतर कशाने केंद्र मावळल्यासारखं दिसतं ते आधी छाटायला हवं. दोन उदाहरणं समोर ठेवली.

एनजीसी १३६५: २००६ साली चंद्राच्या लागोपाठच्या निरीक्षणांत दाट ढग केंद्रासमोरून गेला आणि चार दिवसांच्या आत वर्णपट पूर्ण झाकला जाऊन पुन्हा उघडला. वेळमान आमच्या खुणेशी अगदी मिळतंजुळतं, म्हणून हा सर्वांत धोकादायक तोतया. पण ढग कमी ऊर्जेचे किरण आधी खातो. दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर स्रोत दिसत राहतो, आणि ६.४ ची परावर्तित रेषा तशीच उभी असते.

१ईएस १९२७+६५४: २०१८ च्या उद्रेकानंतर याच्या विवराजवळचा तप्त वायूचा ढग, म्हणजे कोरोना, नाहीसा झाला आणि काही महिन्यांनी परतला. इथे उलटं घडलं. जास्त ऊर्जेचे किरण गेले, कमी ऊर्जेचे उष्णताजन्य किरण राहिले.

विलीन होणाऱ्या जोडीत उष्णताजन्य भाग कोसळायला हवा, आणि तोही समोरच्या वायूचं आवरण न वाढता. म्हणजे एका संख्येने भागणार नाही. कमी पट्टा, जास्त पट्टा आणि लोखंडाची रेषा, तिन्ही एकाच वेळी मोजली तरच तिघांना वेगळं करता येईल. रेषेचं वागणंही उशिराचं असेल, कारण परावर्तन करणारा दूरचा वायू केंद्र विझल्यावरही काही काळ उजळलेला राहतो. उशीर किती, तो त्या वायूच्या अंतरावर अवलंबून.

पुढचं काम ठरलं. विद्यार्थिनी स्विफ्टच्या संग्रहातून साध्या, एकट्या केंद्रांचे आलेख घेऊन त्यांत दोन दिवसांच्या आत इतकी मोठी घसरण किती वेळा सापडते ते मोजणार. मी एनजीसी १३६५ चा तो जुना डेटा चाओमधून पुन्हा काढून तिन्ही पट्ट्यांचं गुणोत्तर वेळेनुसार मांडणार. फाइल्स उतरायला लावल्या आहेत.